सलाईन संपलं तेव्हा

जुलै २०२१मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं होतं. कोकणात पूर ओसरला की आरोग्यसेविका आणि आशाताई वाडीवाडीत फिरतात. विहिरीत पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर पडते आणि हातात ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात घालून प्यायच्या साखर-मिठाच्या मिश्रणाची पाकिटं येतात. पण जुलाब लागले की आपल्याकडची पहिली मागणी अजूनही एकच असते, ‘डॉक्टर, सलाईन लावा!’

१९७१च्या युद्धात पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. सीमेवरच्या बनगावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ पसरली होती. रुग्णालयात रुग्ण जमिनीवरच पडलेले, सलाईन लावायचं तर उलटी-जुलाबाच्या घाणीत गुडघे टेकावे लागत. त्यात सलाईनच्या बाटल्याही संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण ड्रममध्ये भरून ठेवलं. ते रुग्णाला पाजायचं काम नातेवाइकांकडे सोपवलं. छावण्यांत एरवी शेकडा वीस-तीस रुग्ण दगावत होते. त्यांच्या देखरेखीखाली ते प्रमाण चारच्याही खाली आलं.

हे घडलं कसं? पटकीच्या विषामुळे आतड्यातून क्षार आणि पाणी बाहेर वाहत राहतं. मात्र सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनं आत घेणारं पेशीतलं दार त्या विषानं बंद होत नाही. ही जोडी आत गेली की तिच्यामागून पाणीही जातं. नुसतं पाणी पिऊन हे साधत नाही. आणि साखर जास्त झाली तर उलट आतड्यातच पाणी ओढलं जातं, म्हणून जुलाबात मुलांना थंड पेयाची बाटली देणं मला धोक्याचं वाटतं.

आपली मीठ घातलेली पातळ पेजही याच वाटेनं काम करते. तांदळाच्या स्टार्चचं ग्लुकोज हळूहळू सुटतं. पटकीत तांदळाच्या ओआरएसनं जुलाबाचं प्रमाण कमी होतं, हे अभ्यासांत दिसलं आहे.

पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. दर जुलाबानंतर घोट-घोट पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा द्या. अंगावरचं दूध बंद करू नका. मूल सुस्तावलं, डोळे खोल गेले, पिणंच थांबलं, तर मात्र प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. सलाईन लागतं ते तेव्हा.