तारा तुटला की रॉकेटचा तुकडा जळला?

बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या पाण्यावर रात्री होडीत असताना आकाशातून आग सरकत गेली, तर ती बहुधा दोहोंपैकी एक असते: उल्का, नाहीतर रॉकेट-उपग्रहांचा खाली येणारा कचरा. रंगावरून वाद घालू नका, हिरवट-नारिंगी छटा दोन्हींत दिसतात. सेकंद मोजा.

उल्का म्हणजे बहुतेकदा वाळूच्या कणाएवढा दगड. 13-14 डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीकडून येणाऱ्या उल्का सेकंदाला 35 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात, नोव्हेंबरातल्या सिंह राशीच्या तर 71. ‘ते बघ’ म्हणेस्तोवर खेळ खलास. मोठा अग्निगोलसुद्धा सहसा काही सेकंदांतच विझतो.

कचऱ्याला घाई नसते. तो पृथ्वीभोवती फिरत फिरतच खाली येतो, त्यामुळे वेग सेकंदाला साधारण 8 किलोमीटर आणि वाट जवळजवळ आडवी. मिनिटभर, कधी त्याहूनही जास्त वेळ दिसतो. होडीत डुलकी काढणाऱ्या सोबत्याला हलवून उठवायला तेवढा पुरतो. वाटेत तो फुटतो आणि एकाच दिशेने चाललेले शेपटीवाले तुकडे मागेपुढे दिसतात. 2 एप्रिल 2022 ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ-खानदेशातल्या लोकांनी पाहिलं ते हेच: चीनच्या एका रॉकेटचा टप्पा. (शेपटी नसलेले, न फुटता ओळीने जाणारे दिवे दिसले तर ते इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे उपग्रह. तो विषय निराळा.)

दिशाही बघावी. रॉकेटं बहुधा पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा घेत पूर्वेकडे सोडतात. त्यामुळे आग सरळ पूर्वेकडून पश्चिमेला गेली, तर कचऱ्याची शक्यता फार कमी. उल्का कुठूनही येते.

अंतराच्या बाबतीत मात्र दोन्ही सारखेच फसवतात, आणि पाण्यावर जास्तच, कारण मध्ये झाड नाही, घर नाही, अंदाज बांधायला काहीच नाही. ‘त्या काठाला पडलं’ असं माणूस शपथेवर सांगतो. हात ताठ करून मूठ धरली की आकाशात सुमारे 10 अंश झाकले जातात. क्षितिजापासून एका मुठीवर दिसलेली आग 80 किलोमीटर उंचीवर जळत असेल, तर ती तुमच्यापासून जवळपास 400 किलोमीटर लांब असते. हिडकलहून मुंबई साधारण तेवढीच. म्हणून तर निपाणीकर म्हणतो आमच्या रानात पडलं आणि गडहिंग्लजकर म्हणतो आमच्या.

खरंच काही सापडलं तर ओळखणं सोपं आहे. नुकताच पडलेला उल्कापाषाण बहुधा जड असतो, वरून काळसर पातळ साल, आणि लोहचुंबक बहुतेकदा ओढतो. रॉकेटचा तुकडा म्हणजे पत्रा, कडं किंवा टाकी. त्या पाडव्याला चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीला मिळालं ते धातूचं मोठं कडंच होतं. टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. तिला हात न लावता पोलिसांना कळवावं. भंगारवाल्याकडे नेऊ नये.