स्वेटरच्या थंडीत पिओनी फुलत नाही

रात्रीचा पारा 17 अंशांवर आला की मुंबईत कपाटातले स्वेटर बाहेर येतात. पिओनीच्या लेखी हा उन्हाळाच! मुलुंडच्या माझ्या मावशीने गॅलरीत पिओनी लावली होती. दिवसाला सहा तास ऊन, खत वेळेवर, पानंही छान फुटली. कळी मात्र धरेना. "ऊन कमी पडतंय का रे?" ती विचारायची. अडलं होतं ते थंडीपाशी.

बागांमधली नेहमीची पिओनी मूळची उत्तर चीन आणि सैबेरियाकडची. थंडीआधी तिची पानं वाळतात. जमिनीखाली जाडजूड मुळं उरतात आणि त्यांच्या माथ्यावर, उसाच्या कांडीला असतात तसे, डोळे असतात. पुढच्या वर्षीचं फूल या डोळ्यांतून यायचं. पण ऑक्टोबरातल्या चार उबदार दिवसांना भुलून ते फुटले, तर पुढे हिमात कोंब करपणार. म्हणून अब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक त्यांना निजवून ठेवतं. 0 ते 5 अंशांच्या आसपास काही आठवडे काढले की त्याचा जोर ओसरतो, वाढीला चालना देणारी जिबरेलिन संप्रेरकं कामाला लागतात, मुळातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. डोळा जणू थंडीचे दिवस मोजत असतो. मुंबईत तो मोजणार काय? सांताक्रूझचा नीचांक 7.4 अंश, तोही 22 जानेवारी 1962 चा.

हापूसचंही असंच आहे की! थंडी उशिरा आली की मोहोर रखडतो आणि कोकणातल्या बागायतदाराचा जीव टांगणीला लागतो. फक्त आंब्याचं 15 अंशांच्या आसपास भागतं.

परदेशातले फूलउत्पादक पिओनीची मुळं शीतगृहात ठेवून ही थंडी उरकून घेतात. घरच्या फ्रिजमध्येही करून पाहता येईल, पण शेजारी सफरचंदं नकोत. पिकत्या फळांतला इथिलीन वायू डोळे बिघडवतो. शिवाय हा खटाटोप दरवर्षीचा. त्यातून वाचलेल्या मुळाला पुढे पावसाळा गाठतो. एकट्या जुलैत 800 मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि साचल्या पाण्यात पिओनीचं मूळ कुजतं. मला विचाराल तर काश्मीर किंवा उत्तराखंडच्या डोंगरांत जाऊन आपली हिमालयी पिओनी पाहावी. पांढरी, एकेरी पाकळ्यांची, कोणी न लावता फुललेली.

मावशीच्या त्या कुंडीत आता फुटबॉल लिली आहे. तीही हिवाळ्यात पानं टाकून झोपते, पण तिला बर्फ लागत नाही. पाणी तोडलं, माती कोरडी राहिली की पुरे. मे महिन्यात कुंडीत लाल चेंडू उभा.