खान्देशात साप आणि आपण : थोडी मागची गोष्ट

पावसाळा लागला की रावेर-यावलकडच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर सापाचा फोटो येतोच आणि खाली तेच दोन प्रश्न असतात, विषारी आहे का आणि कोणाला फोन करायचा. आधी हा दुसरा प्रश्न नव्हता, "साप निंघना" म्हटलं की गल्लीतून काठ्याच निघायच्या. हा बदल चांगला आहे, मनापासून चांगला आहे, पण आता त्याच्या पुढचं एक सुरू झालंय, पोरं साप घरात ठेवायला मागतात, हातात धरून रील टाकतात, आणि ते का नको हे समजायला मागचं थोडं माहिती पाहिजे.

साप आपल्या घराजवळ का असतो इथून सुरुवात करू. 1825 मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली त्या काळात तापीच्या पट्ट्यात बरंच जंगल होतं, पुढं जमिनी लागवडीखाली आल्या, 1860 च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि आपल्या कापसाला भाव चढला, त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. जंगल मागं सातपुड्याकडे सरकलं, वाघ कमी झाले, पण साप गेले नाहीत कारण सापाला जंगलापेक्षा उंदीर महत्त्वाचा आणि उंदीर आपण पोसतो. जिथं दादर ज्वारी, बाजरी, भुईमूग तिथं उंदीर, जिथं उंदीर तिथं धामण आणि नाग. नंतर केळी वाढली, केळीच्या बागेत कायम ओल, सावली, खाली पडलेली वाळकी पानं, बेडूक भरपूर, म्हणजे बाहेर मे महिन्यात जमीन भाजत असताना सापाला तिथं सगळं मिळतं. आणि घरं कशी होती, तर मातीची, धाब्याची, भिंतीत बिळं, अंगणात कडब्याची गंजी, मागच्या दाराला जळणासाठी पऱ्हाटीचा ढीग. तो ढीग अजूनही खूप घरांमागे आहे.

या सगळ्यात सगळ्यात घातक कोण तर मण्यार. नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, म्हणजे निदान आधी कळतं तरी. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाजवळ येते आणि झोपेत चावते, दुखत नाही, सूज नाही, दात बारीक असल्यामुळे खूण पण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या जड पडतात, घरचे म्हणतात काहीतरी खाण्यात आलं असेल, आणि तेवढ्यात श्वास अडकायला लागतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे असं झालं तर साप दिसला नसला तरी दवाखाना गाठायचा, गाडी मिळेल ती. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी एवढ्यानं किती जीव वाचतात हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं.

इंग्रजांनी यावर काय केलं, तर बक्षीस लावलं. साप मारून आणा, पैसे घ्या. रत्नागिरीकडे 1862 मध्ये फुरशांवर असंच बक्षीस लावलं होतं आणि लोकांनी फुरशी मारून हजारोंनी आणून टाकली. देशभर हे पुढं कितीतरी वर्षं चाललं, सर्पदंशानं मरणाऱ्यांचे आकडे मात्र दरवर्षी वीस हजारांच्या आसपासच नोंदवले जात राहिले. साप मारून सर्पदंश थांबत नाही हे तेव्हाच कळायला हवं होतं. खरा फरक पडला तो साप चावल्यावर टोचायच्या लसीनं. 1895 च्या सुमारास काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञानं नागाच्या विषावरचा उतारा तयार केला, आपल्याकडे परळला 1899 मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी जी प्रयोगशाळा निघाली आणि 1925 पासून जिला हाफकिनचं नाव मिळालं तिथं पुढं सर्पदंशाची लस बनायला लागली. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून ती काढतात आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते. म्हणून साप पकडून किंवा मारून पिशवीत घालून दवाखान्यात न्यायची काही गरज नसते, त्या नादात दुसऱ्याला चावा बसतो.

श्रद्धेचं म्हणाल तर ती दोन्ही बाजूंनी काम करते. नागपंचमीला आपल्याकडे नांगर धरत नाहीत, खणत नाहीत, चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, आणि तिच्यानंतरच्या रविवारी आपली खान्देशची देवी कानबाई बसते, तिच्या प्रसादाचे रोट होतात. सातपुड्याच्या पलीकडे बडवानी जिल्ह्यात नागलवाडीला भिलटदेवाचं मोठं ठाणं आहे, नागपंचमीला तिथं मोठी जत्रा भरते. या सगळ्यानं साप देव म्हणून मनात राहिला, हे चांगलंच झालं. पण पान लागल्यावर, म्हणजे साप चावल्यावर, आधी भगताकडे न्यायचं आणि तो मंत्र म्हणेपर्यंत दोन तास घालवायचे, यानं माणसं गेली आहेत. बिनविषारी साप चावलेला माणूस तसाही वाचतो, श्रेय मंत्राला जातं, आणि पुढच्या वेळी मण्यारीच्या माणसाला पण तिथंच नेतात. देवाला हात जोडा, पण दवाखान्यात जाताना गाडीतून जोडा.

आता पाळण्याचं. आपल्याकडे साप पाळायचा तो गारुडी. टोपलीतल्या त्या नागाचे दात उपटलेले, कधी तोंड शिवलेलं, पंचमीच्या आधी उपाशी-तहानेला ठेवलेला म्हणून समोर आलेलं दूध पण प्यायचा, ते त्याला पचत नाही आणि बहुतेक नाग पुढं काही दिवसांत मरायचे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1976 ला सापाच्या कातडीची निर्यात बंद झाली, सांगलीकडे बत्तीस शिराळ्याला जिवंत नाग पकडून मिरवायची जी प्रथा होती तिच्यावर 2002 मध्ये हायकोर्टानं बंदी आणली. मधल्या काळात पुण्यात नीलिमकुमार खैरे 1980 मध्ये 72 विषारी सापांबरोबर 72 तास काचेच्या खोलीत बसले, 1986 मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं, आणि महाराष्ट्रात गावोगाव सर्पमित्र तयार झाले, त्यात खान्देश पण आला. ज्यांनी रात्री-बेरात्री जाऊन साप सोडवले त्यांचे उपकार आहेतच. पण पकडलेला साप बरणीत घालून चार दिवस घरी ठेवणं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणं हे त्या टोपलीपेक्षा फार वेगळं नाही, आणि कायद्यानं गुन्हा आहे. मांडुळाचं तर विचारूच नका, दोन तोंडं, गुप्तधन, असल्या भाकडकथांपायी एका गरीब, मातीत राहणाऱ्या, उंदीर खाणाऱ्या सापाची तस्करी चालते.

देशी साप पाळता येत नाही हे कळल्यावर काही जण परदेशी सापाकडे वळले, बॉल पायथन वगैरे, जे मूळ आफ्रिकेतले. केंद्रानं 2020 मध्ये असे प्राणी स्वतःहून जाहीर करायची सवलत दिली होती, 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2024 च्या नियमांनी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीतल्या अशा प्राण्यांची ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली. तरी माझं मत असं, की जळगावच्या 45 डिग्रीच्या उन्हाळ्यात, लोडशेडिंगमध्ये, पेटीत बंद केलेल्या सापाचे हालच होणार, नोंदणी असो नाहीतर नसो.

शेतातला साप मात्र राहणारच आहे आणि राहायलाच पाहिजे. देशात 2000 ते 2019 या काळात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं सर्पदंशानं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, बहुतेक खेड्यातली. 2024 मध्ये केंद्रानं 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा आराखडा काढला, त्यात लस, डॉक्टरांचं ट्रेनिंग सगळं आहे. पण आपल्याकडचा शेतकरी रात्री दोनला उठून अनवाणी बांधावर का जातो, तर मोटारीची लाईट तेव्हा येते म्हणून. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याची सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये सुरू झाली, तिचा विचार कोणी सर्पदंशाच्या अंगानं करत नाही, पण माझ्या मते केला पाहिजे. ज्या फीडरवर दिवसा लाईट आली तिथला माणूस उजेडात पाणी भरतो, आणि रात्रीचा बांध सापाला मोकळा राहतो. बाकीच्यांनी तोवर गमबूट आणि बॅटरी सोडू नये.