विषाणुसदृश कण

विषाणूचे कवच घडवणारे प्रथिन पेशींकडून करवून घेतले, की त्याचे रेणू आपोआप जुळून विषाणूच्याच घडणीचा पोकळ कण तयार होतो. त्याला विषाणुसदृश कण किंवा व्हीएलपी म्हणतात. नागपूरकरांना सांगायचे तर हे साल शाबूत, पण बी नसलेले संत्रे. आत विषाणूचे जनुक नाही, म्हणून ते रुजत नाही. कवचावर एकाच खुणेची दाट, शिस्तीची मांडणी असते आणि प्रतिकारपेशी तिलाच जोमाने प्रतिसाद देतात. सुट्या प्रथिनाला तो मान मिळत नाही.

यीस्टमध्ये बनवलेल्या हिपॅटायटिस-बी लसीला १९८६ मध्ये अमेरिकेत परवाना मिळाला. तिचा कण सुमारे २२ नॅनोमीटरचा. एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या कणात एल-१ या कवच-प्रथिनाचे ३६० रेणू पाच-पाचच्या ७२ गटांत बसतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या एचपीव्ही लसीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली.

खरी कसरत जुळणीची. यीस्टच्या पेशी फोडून काढलेले एल-१चे कण बरेचदा वेडेवाकडे निघतात. मग क्षपणक नावाचे रसायन घालून रेणूंना जोडणारे गंधकाचे बंध सोडवतात, कण सुटा करतात. क्षपणक काढून, मीठ वाढवून तो पुन्हा जुळवतात. असा कण जास्त घट्ट आणि एकसारखा होतो. मीठ कमी पडले तर गुठळ्या होतात, शिवाय कण काचेला चिकटतात. म्हणून 'गार्डासिल' या एचपीव्ही लसीच्या अर्ध्या मिलिलिटर डोसात ९.५६ मिलिग्रॅम मीठ आणि कण चिकटू न देणारे ५० मायक्रोग्रॅम पॉलिसॉर्बेट-८० असते. शेवटी कण ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवतात.

हा क्षारच गोठण्याला भितो. नागपूरच्या मे महिन्यात सगळ्यांना धास्ती उन्हाची, पण हिपॅटायटिस-बीची लस थोडा वेळ उष्णता सोसते. गोठली की संपली. साठवण २ ते ८ अंशांत हवी. वरून उघडणाऱ्या आयएलआरमध्ये (भिंतींत बर्फाचे अस्तर असलेल्या लसींच्या शीतकपाटात) तळ सर्वांत थंड, म्हणून ही लस वरच्या टोपलीत ठेवावी. आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट लसवाहकात भरू नयेत. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवावेत. मे महिन्यात हे लवकर होते, डिसेंबरात बराच वेळ लागतो, तेव्हा घड्याळापेक्षा कानावर भिस्त ठेवलेली बरी. कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेने रंग बदलणारी खूण, उष्णता दाखवतो, गोठणे नाही. शंका आल्यास त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवतात, दोन्ही हलवून शेजारी ठेवतात. संशयित कुपीतला गाळ गोठवलेल्या कुपीइतक्याच वेगाने खाली बसला, तर ती बाद.