पहिल्याच वेळी का अडखळते? फ्लटर ३.१० आणि शेडरचा प्रश्न

नवे ॲप उतरवून घेतले, यादीतील एका चित्रावर पहिल्यांदा बोट ठेवले, ते मोठे होत पडदाभर पसरू लागले आणि मध्येच क्षणभर थिजले. मागे येऊन तीच कृती पुन्हा केली, तर या खेपेला ते अलगद सरकले. यावर नेहमी ऐकू येणारे निदान म्हणजे ‘फोन जुना झाला’ किंवा ‘रॅम भरली’. परंतु जुना झालेला फोन दुसऱ्या खेपेलाही तितकाच जुना असतो; त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या खेपेतील फरकाचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. १० मे २०२३ रोजी गुगलने फ्लटर या ॲप बनवण्याच्या फ्रेमवर्कची ३.१० ही आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यातील सर्वांत खोलवरचा बदल नेमका या कारणावर केलेला उपाय होता.

अँड्रॉइड आणि आयफोन यांच्यासाठी ॲप बनवायचे तर दोन वेगळ्या भाषांत दोनदा लिहावे लागते. ती दुहेरी मेहनत वाचावी म्हणून फ्लटरसारखी साधने आली. डिसेंबर २०१८ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली आणि मे २०२२ मधील तिसऱ्या आवृत्तीपर्यंत डार्ट भाषेत एकदा लिहिलेले ॲप वेब आणि संगणक धरून सहा ठिकाणी चालू लागले. फ्लटरचे वेगळेपण असे की, ते फोनच्या प्रणालीकडून तयार बटणे किंवा याद्या मागून घेत नाही. प्रणालीकडून ते केवळ एक कोरा पडदा घेते आणि त्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतः रंगवते. हे रंगकाम इतकी वर्षे स्किया या ग्रंथालयाकडे, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या संचाकडे, होते. स्किया गुगलने २००५ मध्ये विकत घेतले. क्रोम ब्राउझर आणि अँड्रॉइड यांतील रेखाटनही तेच करते. म्हणजे ते मुळीच कच्चे साधन नव्हे, आणि म्हणूनच त्याच्यामुळे ॲप का अडखळावे हा प्रश्न मला फार रंजक वाटतो.

पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल, तर प्रत्येक चित्रचौकट तयार करायला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १२० वेळा ताजा होणाऱ्या पडद्यावर ८.३. या मुदतीत चौकट तयार झाली नाही, तर पडद्यावर जुनीच चौकट राहते आणि डोळ्यांना हालचाल थांबल्यासारखी दिसते. ठिपके रंगवण्याचे काम जीपीयू ही फोनमधील चित्रांसाठीची खास चिप करते, आणि कोणत्या ठिपक्याला कोणता रंग द्यायचा हे तिला सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला शेडर म्हणतात. एकसारखा रंग भरायचा असेल तर एक शेडर, रंग हळूहळू बदलत न्यायचा असेल तर दुसरा, कडा धूसर करायच्या असतील तर तिसरा.

आता मुख्य अडचण. डार्टमधला प्रोग्रॅम ॲप बनतानाच फोनच्या सीपीयूच्या भाषेत उतरवून ठेवता येतो, कारण बहुतेक सर्व फोनचे सीपीयू आर्म कुळाची आज्ञावलीच समजतात. जीपीयूंच्या बाबतीत असा समझोता नाही. ॲड्रेनो या जीपीयूची अंतर्गत भाषा वेगळी, माली या जीपीयूची वेगळी, ॲपलच्या जीपीयूची वेगळी. त्यामुळे शेडर मूळ किंवा मधल्या रूपात फोनवर पाठवला जातो आणि शेवटचे भाषांतर, म्हणजेच कंपाइल करणे, त्या फोनवरचा जीपीयू-ड्रायव्हर, म्हणजे जीपीयू चालवणारे सॉफ्टवेअर, करतो. या कामाला कधी कधी काहीशे मिलिसेकंदही लागतात. २०० मिलिसेकंद लागले, तर ६० च्या पडद्यावर १२ चौकटी बुडाल्या. एकदा झालेले भाषांतर साठवले जाते, म्हणून दुसऱ्या खेपेला अडखळणे उरत नाही.

पण मग हे शेडर आधीच का तयार करून ठेवू नयेत? कारण स्कियाला ते कोणते लागतील हे आधी ठाऊकच नसते. छपाईच्या खिळ्यांचा दाखला घेतो. देवनागरी छापखान्यात जोडाक्षरांचा प्रश्न दोन प्रकारे सोडवता येतो: प्रत्येक जोडाक्षराचा स्वतंत्र खिळा ओतायचा, किंवा अर्ध्या अक्षरांचे खिळे ठेवून जुळाऱ्याने ते शेजारी शेजारी लावायचे. स्कियाची रीत पहिल्या प्रकारची, आणि तीही खिळा मजकुरात गरज पडेल तेव्हाच ओतण्याची. रंगछटा, कातरलेली कड, धूसरपणा आणि दोन थर मिसळण्याची पद्धत यांचा जो मेळ समोर येईल, त्या मेळासाठी स्किया जागच्या जागी एक खास शेडर रचते. समजा, छटांचे चार, कातरण्याचे चार आणि मिसळण्याचे पाच प्रकार आहेत; एवढ्यानेच ८० मेळ होतात. एकदा ओतलेला खिळा अत्यंत सुबक छापतो, म्हणजे तो खास शेडर वेगाने चालतो. परंतु ओतकाम चालू असताना यंत्र थांबलेले असते.

फ्लटरने आधी या रीतीतच डागडुजी करून पाहिली. विकासकाने चाचणीच्या फोनवर ॲपमधील सगळ्या हालचाली करून घ्यायच्या, त्या वेळी लागलेल्या शेडरची नोंद एका फाइलमध्ये उतरवायची आणि ती ॲपसोबत द्यायची, म्हणजे ॲप सुरू होतानाच त्या नोंदीतील शेडर तयार होतील. उपाय कष्टाचा होता, एका फोनवरची नोंद दुसऱ्यावर उपयोगी पडेलच याची खात्री नव्हती, आणि ॲप उघडायला त्यामुळे उशीर होई. शिवाय, ज्याने ते ॲप शेकडो वेळा चालवले आहे त्या विकासकाच्या फोनवर सगळे शेडर आधीच साठलेले असल्यामुळे त्याला हा दोष सहसा दिसतच नसे. तो दिसे नव्या वापरकर्त्याला, तेही पहिल्याच भेटीत.

३.१० मध्ये आयफोनवर स्कियाऐवजी इम्पेलर हे नवे इंजिन मुळातच चालू स्थितीत आले. जानेवारी २०२३ च्या ३.७ मध्ये ते चाचणीसाठी दिलेले होते. इम्पेलरची रीत दुसऱ्या प्रकारची, अर्ध्या अक्षरांच्या खिळ्यांची. त्याच्याकडे थोडे, साधे आणि ठरलेले शेडर आहेत, आणि गुंतागुंतीचा परिणाम एका खास शेडरने न साधता तो अनेक टप्प्यांत साधला जातो. हे शेडर जीएलएसएल भाषेत लिहिलेले असतात. फ्लटरचे इंजिन बांधले जातानाच ते स्पर-व्ही या मधल्या रूपात आणि तेथून जीपीयूला काम सांगणाऱ्या ॲपलच्या मेटल या प्रणालीच्या शेडर-भाषेत उतरवले जातात. वक्र कडांचा आकार छोट्या त्रिकोणांत तोडण्याचे काम सीपीयूवर केले जाते, म्हणजे प्रत्येक आकारासाठी नवा शेडर लागत नाही. शेडर, थर मिसळण्याचा नियम आणि ठिपक्यांची मांडणी यांचे मिळून जे ‘पाइपलाइन’ नावाचे गाठोडे जीपीयूला द्यावे लागते, तेही ॲप सुरू होतानाच बांधून ठेवता येते. ड्रायव्हरचे शेवटचे भाषांतर टळत नाही. ते हालचालीच्या ऐन मध्यावर न होता आधी होते, इतकाच आणि एवढा मोठा फरक आहे.

याची किंमत मोजावी लागते. सर्वसाधारण शेडर खास शेडरइतका नेमका नसतो आणि टप्पे वाढले की काही दृश्यांत जीपीयूचे कामही वाढते. तरीही माझ्या मते हा सौदा योग्य आहे, कारण डोळ्यांना सरासरी वेग जाणवत नाही, बुडालेली चौकट जाणवते. मात्र ‘इम्पेलर आले, आता प्रत्येक ॲप वेगवान’ हा गाजावाजा खोटा आहे: विकासकाने चौकट रंगवण्याआधीच्या हिशोबात ४० मिलिसेकंद घालवले, तर कोणतेही इंजिन ते परत मिळवून देणार नाही. आणि फोन ‘स्वच्छ’ करण्याचा वसा घेतलेल्या मंडळींनी हेही लक्षात घ्यावे की, साठवलेले शेडर ॲपच्या कॅशमध्येच, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातच, असतात. स्कियावर चालणाऱ्या ॲपची कॅश रोज पुसणारा माणूस ते रोज नव्याने अडखळेल अशीच व्यवस्था करत असतो.

अँड्रॉइडवर हा बदल पोहोचायला अधिक काळ लागला. तेथे जीपीयूंचे आणि ड्रायव्हरांचे प्रकार फार, आणि इम्पेलरला हवी असलेली व्हल्कन ही मेटलसारखी प्रणाली प्रत्येक फोनवर सारख्या दर्जाची नाही. डिसेंबर २०२४ च्या ३.२७ आवृत्तीत अँड्रॉइड १० आणि त्यापुढील, व्हल्कन असलेल्या फोनवर इम्पेलर मुळातच चालू झाले. इतर फोनसाठी जुनी वाट ठेवली गेली. फेब्रुवारी २०२५ च्या ३.२९ मध्ये आयफोनवर स्कियाकडे परतण्याची सोय काढून टाकण्यात आली.

अक्षरे रंगवण्याचे काम मात्र इम्पेलर आल्यावरही पूर्णपणे हलले नाही. ‘ज्ञ’ किंवा ‘ऱ्य’ पडद्यावर यायचे असेल, तर कोणती चिन्हे जुळून कोणता आकार होतो हे हार्फबझ हे ग्रंथालय ठरवते, त्या आकाराचे चित्र स्किया काढून देते आणि इम्पेलर ते एका मोठ्या चित्रपटलावर लावून ठेवते. पुढे तेच अक्षर त्याच आकारात पुन्हा आले की, ते नव्याने न काढता तेथूनच उचलले जाते.