उपासनेनंतरचे सहा दिवस

उघड्यानागड्या, उपाशी भावाबहिणीला ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा’ असे नुसते तोंडाने सांगून काय उपयोग, असा खडा सवाल बायबलच्या नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोबाने केला आहे. म्हणजे रविवारचा विश्वास सोमवारी दिसतो का, ही कुरबुर ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पहिल्या पिढ्यांपासूनचीच.

त्या काळी तिचे उत्तर बरेचसे पैशात दिले जाई. जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने सुमारे 155 साली रविवारच्या उपासनेचे वर्णन केले. त्यात प्रार्थना आणि प्रभुभोजनाला लागूनच वर्गणी येते: ऐपतीप्रमाणे, राजीखुशीने द्यायचे आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परदेशी यांची सोय लावायची. चौथ्या शतकात जुने देव पुन्हा प्रस्थापित करू पाहणारा रोमन सम्राट ज्युलियन चडफडत लिहितो की, हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःचे गरीब तर पोसतातच, वर आमचेही पोसतात. विरोधकाची ही कबुली मला शंभर प्रवचनांहून बोलकी वाटते.

पुढे खरी भक्ती मठातच, असा समज रुजला. मठांना नावे ठेवणे सोपे आहे. पण सहाव्या शतकातली संत बेनेडिक्टची मठवासीयांसाठीची नियमावली कोठाराची जबाबदारी असलेल्या बंधूला बजावते की, मठातली भांडी आणि अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत. प्रश्न भिंतीबाहेरच्या संसारी माणसाचा होता. त्याच्या बाजूने जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर उभा राहिला. 1522 साली त्याने याकोबाच्या पत्राला ‘गवताचे पत्र’ म्हणून हिणवले खरे, पण त्याच वर्षी विवाहाविषयी लिहिताना बाळाची लंगोटी धुणाऱ्या बापाला लोक हसले तरी देव आणि देवदूत त्याच्यावर खूश होतात, असेही सांगितले. पावित्र्याचे पाचारण प्रापंचिकांसह सर्वांना आहे, हे कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1964 साली ठळकपणे मांडले.

सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी हा प्रश्न थेट दुकानात नेला. घासाघीस म्हणजे दोन्हीकडून खोटे बोलणे, म्हणून एकच भाव सांगायचा. आधी गिऱ्हाईक तुटले. मग लोकांच्या लक्षात आले की, इथे लहान पोराला पाठवले तरी फसवणूक होत नाही. आणि गल्ला वाढला. पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्सने हे आपल्या आठवणींत नोंदवले आहे.

मात्र भावात काटेकोर असलेल्या या लोकांपैकी अमेरिकेत गेलेले कित्येक जण गुलाम बाळगत होते. 1688 साली पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चौघांनी, तुम्हाला स्वतःला असे विकलेले चालेल का, अशा आशयाचा लेखी निषेध दिला. तो क्वेकरांच्या एका सभेकडून दुसऱ्या सभेकडे सरकत राहिला आणि तसाच बाजूला पडला. सभासदाने गुलाम ठेवायचा नाही, असा नियम फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने केला तो 1776 साली.