सापाचं पोट कोरडंच हवं

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, खाऊच्या पुड्यांत दडवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले. अशा बातम्या आता नवीन राहिलेल्या नाहीत. त्यावर तस्करीची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण न पकडले गेलेले साप शेवटी कुणाच्या तरी घरातल्या काचेच्या पेटीत जातात, आणि त्या पेटीच्या मालकाला सापाबद्दल बहुतेक वेळा एकच गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे सापाला ओल आवडते. बीळ, वारूळ, पावसाळा असं सगळं डोळ्यांसमोर येतं. मग तळाशी भिजवलेलं कोकोपीट (नारळाचा भुसा), सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा आणि वर घट्ट झाकण. काही आठवड्यांनी पोटाच्या खवल्यांच्या कडा तपकिरी पडतात, मग फोड येतात, मग खवले निघू लागतात. पाळणारे याला ‘स्केल रॉट’, म्हणजे खवले सडणं, म्हणतात. नाव खवल्यांचं असलं, तरी खरं दुखणं त्यांच्याखालच्या त्वचेचं आहे.

आधी कायद्याचं सांगून टाकतो. नाग, धामण किंवा आपल्याकडचा अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी जातींपैकी ज्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या यादीत आहेत, त्यांची रीतसर नोंदणी करावी लागते. बॉल पायथन त्या यादीत आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला हा साप आज जगात सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी एक आहे. अमेरिकेत-इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांतली पोरंही तो हट्टाने आणतात. म्हणून पुढचं सगळं त्याला धरूनच सांगतो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. सापाच्या अंगातलं पाणी आत आणि बाहेरचं पाणी बाहेर कोण ठेवतं? आपण सहज म्हणतो, खवले. १९७२ साली पॉल लिक्ट आणि अल्बर्ट बेनेट या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या हाती एक अजब प्राणी लागला. तो होता जन्मजात खवले नसलेला गोफर स्नेक. त्यांनी त्याच्या त्वचेतून किती पाणी उडतं ते मोजलं आणि खवलेवाल्या भाऊबंदांशी ताडून पाहिलं. फरक जवळजवळ नव्हताच. म्हणजे खवले घासण्या-खरचटण्यापासून वाचवतात, सरपटताना जमिनीवर पकड देतात. पाणी अडवण्याचं काम मात्र दुसरंच कुणीतरी करतं.

ते कोण, याचं उत्तर १९८० च्या प्रयोगांत मिळालं. जेरी रॉबर्ट्स आणि हार्वी लिलीव्हाइट यांनी सापाच्या त्वचेतले स्निग्ध पदार्थ द्रावकाने धुऊन काढले. केराटिनचा, म्हणजे नखांत असतं तशा चिवट प्रथिनाचा, सांगाडा जागच्या जागी राहिला, पण पाणी कित्येक पटींनी झिरपू लागलं. कोकणातल्या जुन्या घरावर कौलांच्या खाली प्लास्टिकचा कागद अंथरतात तसंच हे आहे. दिसतात ती कौलं, गळती थांबवतो तो कागद.

हा कागद नेमका कुठे असतो, ते पाहण्यासाठी त्वचेचा उभा छेद घ्यावा लागेल. सर्वांत बाहेर अतिसूक्ष्म नक्षीचा एक पातळ थर असतो, त्याखाली कडक बीटा केराटिनचा थर, त्याखाली ‘मेसॉस’ थर आणि मग लवचिक अल्फा केराटिन. मेसॉसमध्ये चपट्या मृत पेशींच्या मधल्या फटींत मेदाचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. पाण्याला खरा अटकाव होतो तो इथे. ही पूर्ण चळत म्हणजे त्वचेची एक ‘पिढी’. कात टाकायची वेळ जवळ आली की सर्वांत खालच्या जिवंत पेशी याच क्रमाने दुसरी पिढी रचायला घेतात, आणि काही दिवस सापाच्या अंगावर दोन पिढ्या एकदम असतात. मग दोहोंच्या मधल्या पेशी सुटतात, तिथे द्रव झिरपतो, डोळे दुधी-निळसर दिसतात. पुढे डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर काही दिवसांनी जुनी पिढी अखंड निघून येते. २००२ मध्ये किंगस्नेकच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात पहिली कात टाकल्यावर त्वचेची पाणी अडवण्याची ताकद जवळजवळ दुप्पट झालेली आढळली. थोडक्यात, कात टाकताना हा बांध नव्याने घातला जातो.

(याच कातीचा तुकडा तिजोरीत ठेवला की पैसा टिकतो म्हणतात. केराटिन आणि मेद यांच्या त्या पापुद्र्याने पाणी टिकतं एवढं सिद्ध झालंय. पैशाचं कुणी मोजलेलं नाही.)

हे सगळं पोटापाशी कसं येतं ते बघा. पोटावरचे खवले आडवे, रुंद पट्ट्यांसारखे असतात. प्रत्येकाची शेपटीकडची कड त्याच्या मागच्या खवल्यावर चढलेली असते, आणि त्या कडेखाली मऊ, पातळ त्वचेची घडी असते. साप जेवढा वेळ पडून असतो, तेवढा वेळ त्याचं सगळं वजन या घड्यांवर असतं. खाली ओला भुसा आणि त्यात विष्ठा मिसळलेली असेल, तर ती ओल घडीत अडकते आणि वाळत नाही. सतत भिजलेलं केराटिन फुगतं, मऊ पडतं, चटकन खरचटतं. स्यूडोमोनास, एरोमोनास, प्रोटियस यांसारखे जिवाणू पेटीत आणि सापाच्या आतड्यात असतातच. त्यांना आत शिरायला एवढी वाट पुरते. फोडांतला द्रव सुरुवातीला बहुधा निर्जंतुक असतो. फोड फुटून जखम झाली आणि तिच्यातून जिवाणू रक्तात गेले, की साप दगावू शकतो.

म्हणून हवेतली आर्द्रता आणि अंगाखालची ओल यांची गल्लत करू नये. बॉल पायथनला हवेत ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, नाहीतर कात तुकड्या-तुकड्यांत निघते आणि अंगाला चिकटून राहते. हवा खेळती ठेवूनही ही आर्द्रता पाण्याचं मोठं भांडं ठेवून आणि कात टाकायच्या दिवसांत ओलं शेवाळ भरलेला एक वेगळा डबा देऊन मिळवता येते. जमिनीचा पृष्ठभाग कोरडाच हवा. मुंबई-रत्नागिरीच्या जुलैमध्ये फवाऱ्याची बाटली कपाटात गेलेली बरी.

पोट लाल दिसलं की ते सडणंच असतं असं नाही. कात टाकण्याआधी बॉल पायथनचं पोट गुलाबी होतं, ते नेहमीचंच आहे. नारळाच्या भुशाचे तपकिरी डागही कातीबरोबर निघून जातात. भाजण्याचं प्रकरण मात्र गंभीर असतं. थर्मोस्टॅट (तापमान नियंत्रक) न लावलेली हीट मॅट (पेटीला ऊब देणारी, विजेवर तापणारी चटई) ४५ अंशांच्या वर सहज जाते, आणि साप तिच्यावरून हलत नाही. बहुधा भोवतालची हवा गार असल्यामुळे त्याचं बाकीचं शरीर ऊब शोधतच राहतं. मॅट जिथे लागते तिथेच एकसलग लाल पट्टा दिसला, तर आधी तिचं तापमान मोजा. खरखरीत, पिवळट खपल्या आल्या असतील तर बुरशीचीही शंका घ्यावी लागते. ओफिडिओमायसीस नावाची बुरशी अमेरिकेतल्या रानटी सापांना छळते आहे, आणि ती पाळीव सापांतही सापडते. नुसत्या डोळ्यांनी तिचं निदान होत नाही, नमुना तपासावा लागतो.

उपचाराची सुरुवात पेटीपासून करायची. भुसा पूर्ण काढून साधा कोरा कागद अंथरायचा, घाण झाला की लगेच बदलायचा. उबदार कोपरा ३१ ते ३३ अंशांवर, थर्मोस्टॅट लावून. सापाची प्रतिकारशक्ती त्याच्या अंगाच्या तापमानावर चालते. गार ठेवलेला साप औषध देऊनही बरा होत नाही. कडा नुसत्याच रंग बदलत असतील, तर पोव्हिडोन आयोडीनच्या एका भागात दहा भाग पाणी घालून पुसायचं आणि पूर्ण कोरडं करायचं. नागपंचमीला नागावर उधळलेल्या हळदीने भक्ती व्यक्त होत असेल, पण जखमेत भरलेल्या हळदीची घट्ट खपली होऊन खाली घाण कोंडते. खोबरेल आणि ‘नैसर्गिक’ म्हणून ऑनलाइन विकले जाणारे तेलकट स्प्रे घडीतली ओल आणखी धरून ठेवतात.

फोड, उघडी जखम किंवा सुस्ती दिसली की सरळ सरीसृपांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडे जा. यालाही कारण आहे. सापाचा पू वाहत नाही. आपल्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी जी विकरं असतात, ती सापाच्या पेशींत नीटशी नसतात. त्यामुळे पनीरसारखा घट्ट गोळा बनतो, औषध त्यात शिरत नाही आणि तो खरवडूनच काढावा लागतो. मग जिवाणूंची चाचणी करून प्रतिजैविक ठरतं. सेफ्टाझिडीम हे नेहमी वापरलं जाणारं औषध सापाला साधारण ७२ तासांनी एकदा टोचतात, कारण त्याच्या शरीरातून ते फार सावकाश बाहेर पडतं. माणसाच्या हिशेबाने दिवसातून दोन-तीनदा टोचलं तर ते अंगात विनाकारण साचत जातं.

जखमी साप नेहमीपेक्षा लवकर-लवकर कात टाकतो. अशी प्रत्येक कात पाण्यात भिजवून सपाट पसरा आणि पोटाची बाजू पाहा. जखमेच्या जागी कातीला भोक असेल, तर तो तुकडा अजून सापाच्या अंगावरच असू शकतो. तो ओढून काढू नका; सापाला ओल्या शेवाळाच्या डब्यात एक रात्र ठेवलं की बहुतेक वेळा आपोआप सुटतो. नाहीच सुटला, तर पशुवैद्यकाला तेवढंच सांगा.